ईसीएमच्या पोटातली चावी

गाडीतलं विज्ञान : लेखांक अकरावा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची चावी म्हणजे धातूचा एक दातेरी तुकडा होता, बाकी काही नाही. वर्षानुवर्षं वापरून ती झिजली, की दुसऱ्याच्या पद्मिनीच्या कुलपातही फिरायची. जुन्या टॅक्सीवाल्यांकडे असे किस्से भरपूर सापडतात. चावी नसली तरी फारसं अडत नसे. डॅशबोर्डखालच्या इग्निशनच्या वायरी जोडल्या की कॉइलला करंट मिळायचा, आणि स्टार्टर फिरवला की इंजिन चालू. सुरू करणारा हात मालकाचा आहे की चोराचा, हे त्या इंजिनाला कळण्याची सोयच नव्हती. कळायला आधी काहीतरी लक्षात ठेवावं लागतं, आणि कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉन्टॅक्ट पॉइंट यांपैकी कुणालाच स्मरणशक्ती नव्हती.

२००१ साली त्याच कुर्ल्यात फियाटची पालिओ बनू लागली. फियाटच्या त्या पिढीतल्या गाड्यांबरोबर मालकाला एक छोटं कोड कार्ड मिळे. त्यावर चावीच्या दात्यांचा क्रमांक असे आणि शिवाय एक पाच आकडी इलेक्ट्रॉनिक कोड. चावीतली चिप बिघडली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत-सोडत, इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मोजत, तो कोड एकेका आकड्याने गाडीला सांगायचा. पाचही आकडे बरोबर आले की इंजिन सुरू व्हायचं. पद्मिनी हीसुद्धा मुळात फियाटचीच ११००. एकाच उपनगरातल्या, एकाच घराण्यातल्या या दोन गाड्या. पण दुसरीला आपला मालक ओळखता येऊ लागला होता. ही ओळख गाडीच्या आत नेमकी कुठे लिहिलेली असते, ती कशी वाचतात आणि ती वाचण्याचा अधिकार कुणाला असावा, हा आजचा विषय.

गेल्या आठवड्यात आपण चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बसवलेली चिप पाहिली. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि त्याच ऊर्जेवर चिप जागी होऊन बोलते. रिमोटचा सेल संपला म्हणून चावी फिरवून गाडी सुरू होणार नाही, ही अनेकांची भीती त्यामुळे निराधार आहे.

चिपशी बोलणारी गाडीतली बाजू म्हणजे इमोबिलायझर. काही गाड्यांत त्याची वेगळी पेटी असते, काहींत हे काम मीटरकडे किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असतं. पेटी चिपला एक संख्या देते, दर वेळी निराळी. चिप आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्या संख्येवर गणित करते आणि उत्तर पाठवते. पेटीकडेही तीच गुप्त किल्ली असते, तीही तेच गणित करते. दोन्ही उत्तरं जुळली की पेटी ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, होकार कळवते. हा होकारही कुठल्याही पेटीचा चालत नाही. पेटी आणि ईसीएम यांच्यात त्यांचा स्वतःचा एक सामायिक कोड ठरलेला असतो. होकार आला नाही तर ईसीएम इंजेक्टर आणि स्पार्क रोखून धरतो. स्टार्टर जोमाने फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही; किंवा पेट घेतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. चोराने वायरी कितीही जोडल्या तरी त्याला यापलीकडे जाता येत नाही, कारण नकार वायरीत नसतो, आठवणीत असतो.

ती आठवण ज्या चिपमध्ये राहते तिचं नाव ईईप्रॉम. जुना ईसीएम उघडला तर हिरव्या बोर्डावर मोठा प्रोसेसर लगेच दिसतो, आणि त्याच्याजवळ कुठेतरी आठ पायांचा, काही मिलिमीटरचा एक काळा तुकडा असतो. पाठीवर बारीक अक्षरांत क्रमांक : ९३सी४६, ९३सी५६, ९३सी६६, २४सी०२, ९५१६०. यातल्या ९३सी४६ ची क्षमता १२८ बाइट, ९३सी५६ आणि २४सी०२ यांची २५६, ९३सी६६ ची ५१२ आणि ९५१६० ची २०४८. देवनागरीतलं एक चिन्ह मोबाइलमध्ये साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा ९३सी६६ मध्ये मावणार नाही. एवढ्याशा जागेत त्या गाडीची सगळी ओळख असते.

ही स्मृती टिकते कशी? चिपमधल्या प्रत्येक पेशीत सिलिकॉन ऑक्साइडच्या पातळ थराने सगळीकडून वेढलेला एक वाहक तुकडा असतो. लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्या थरापलीकडे ढकलले जातात आणि मग ते तिथेच अडकून राहतात. बॅटरी काढा, ईसीएम कपाटात ठेवा, त्यांना बाहेर पडायला वाट नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्या साधारण ४० वर्षांपासून १०० वर्षांपर्यंत माहिती टिकण्याची हमी आपल्या तांत्रिक पत्रकांत देतात. बोर्डावरचे बाकीचे भाग मेले तरी ही आठवण मरत नाही. उपनगरांतल्या गाडीवाल्यांना याची किंमत पावसाने शिकवली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी कलिना, कुर्ला, साकीनाक्याच्या वस्त्यांत शिरली, अंधेरी आणि मिलन सबवे भरले, एलबीएस मार्गावर गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांत पद्मिनी, मारुती ८००, झेन अशा गाड्या खूप होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींना इमोबिलायझर नव्हता. पद्मिनी धुऊन, वाळवून, प्लग बदलून पुन्हा रस्त्यावर आणता येई. इंजेक्शनच्या मारुतीचा ईसीएम गेला असेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा आणून जोडला की काम भागे.

बारा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१७ ला, शहर पुन्हा तुंबलं. पाऊस २००५ च्या निम्म्याहूनही कमी होता, पण मधल्या काळात गाड्या बदलल्या होत्या. मारुतीने 'आयकॅट्स' नावाने इमोबिलायझर आपल्या गाड्यांत आणला होता, ह्युंदाई, होंडा, टाटा, फोर्ड यांच्या गाड्यांतही तो रुळला होता. ईसीएम अनेक मॉडेलांत डॅशबोर्डखाली, डावीकडे बसणाऱ्याच्या पायांजवळ असतो. गुडघाभर पाणी आत आलं की पहिला तोच भिजतो. बॅटरी जोडलेली असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. गटाराचं आणि भरतीचं खारं पाणी विद्युतवाहक असतं, त्यामुळे बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेषा तासाभरातही कुरतडल्या जाऊ शकतात. असा ईसीएम काढून त्याच क्रमांकाचा दुसऱ्या गाडीतला लावला तरी आता गाडी सुरू होत नाही. त्या ईसीएमला या गाडीची पेटी परकी वाटते.

अशा वेळी माणूस सीएसटी रोडला जातो. कुर्ल्याहून कलिनाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग मांडलेले असतात. बंपर, दिवे, गिअरबॉक्स, आणि कुठेतरी ढिगात वायरिंगसकट कापून काढलेले ईसीएमही. नव्या ईसीएमच्या तुलनेत किंमत खूपच कमी. सॉकेट बसतो, क्रमांक जुळतो, पण त्याच्या ईईप्रॉममध्ये दुसऱ्याच गाडीची ओळख असते. कारखान्यातून येणारा नवा ईसीएम कोरा असतो, मेकॅनिक त्याला 'व्हर्जिन' म्हणतात; कोऱ्या सातबाऱ्यावर पहिलं नाव चढावं तशी पहिल्याच जोडणीत त्यावर गाडीची ओळख चढते. जुन्या ईसीएमवर नाव आधीच चढलेलं असतं, आणि ते आपोआप उतरत नाही.

म्हणून खरं काम सुरू होतं ते त्या मेलेल्या, चिखल लागलेल्या मूळ ईसीएमपासून. त्याच्या ईईप्रॉममधली माहिती वाचायची आणि चालू ईसीएममध्ये उतरवायची. मग पेटीला वाटतं की तिच्यासमोर तिचा जुनाच जोडीदार आहे. चावी बदलावी लागत नाही, कुलूप बदलावं लागत नाही, इमोबिलायझर शाबूत राहतो. हे काम करणारे हात घाटकोपर, अंधेरी, मुलुंडच्या लहान दुकानांत असतात. भिंगाचा दिवा, सोल्डरिंग स्टेशन, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, लॅपटॉप आणि चिप वाचणारं-लिहिणारं प्रोग्रॅमर नावाचं यंत्र एवढा त्यांचा संसार. त्यांच्यातल्या चांगल्या कारागिराची शिस्त मला फार मोलाची वाटते. तो आधी वाचतो, मगच लिहितो. एकदा वाचून थांबत नाही. पुन्हा वाचतो आणि दोन्ही नकला बाइटनिशी ताडून बघतो. पायावर गंज असेल तर वाचलेलं चुकतं, आणि चुकलेलं वाचन चुकलेलं दिसतही नाही. मूळ माहितीची नकल तारीख आणि गाडीचा नंबर घालून तो वेगळी जपून ठेवतो. जो कारागीर नकल न ठेवता थेट लिहायला घेतो, त्याच्या हातात मी गाडी देणार नाही.

माहिती वाचण्याच्या वाटा तीन. पहिली गाडीतूनच, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी या निदानाच्या सॉकेटमधून. स्कॅनर ईसीएमला विचारतो आणि ईसीएम त्याला द्यायचं तेवढं देतो : किती चाव्या नोंदवल्या आहेत, इमोबिलायझर शिकलेल्या अवस्थेत आहे की कोरा, शेवटचा नकार कशामुळे. गुप्त भाग इथे सहसा मिळत नाही. त्यासाठी पिन, म्हणजे गाडीचा गुप्त आकडा, लागतो. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत पिन तीनदा चुकला की ईसीएम तासभर कुणाचं ऐकत नाही, कारण एकामागून एक आकडे टाकून बघणाऱ्याला रोखायचं असतं. दुसरी वाट म्हणजे ईसीएम काढून टेबलावर आणायचा, त्याला बाहेरून वीज द्यायची आणि प्रोसेसरच्या मार्फत स्मृती उघडायची. तिसरी सर्वांत जुनी : पायांना क्लिप लावून थेट त्या आठ पायांच्या चिपशी बोलायचं. पाण्यात मेलेल्या बोर्डासाठी बहुतेकदा हीच उरते, कारण पहिल्या दोन वाटांना प्रोसेसर जिवंत लागतो.

वाचून झालं की पडद्यावर आकड्यांच्या रांगा उमटतात. प्रत्येक बाइट दोन खुणांनी लिहिलेला, एका ओळीत सोळा बाइट. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो नुसता गोंधळ वाटतो. सरावलेला डोळा मात्र आधी मोकळी जागा हेरतो. जिथे कधीच काही लिहिलं गेलं नाही तिथे 'एफएफ एफएफ एफएफ' अशी ओळच्या ओळ असते. सगळी चिपच तशी दिसली तर ती रिकामी असेल, पण त्याहून जास्त शक्यता क्लिप नीट न बसल्याची. मग तो अक्षरं शोधतो. संगणकात एम या रोमन अक्षराचा अंक ४डी, ए चा ४१ आणि ३ या अंकाचा ३३. रांगेत कुठे '४डी ४१ ३३' दिसलं तर तिथून पुढे सतरा बाइट मोजायचे, कारण एमए३ ने मारुतीचा चॅसिस नंबर सुरू होतो. ह्युंदाईचा एमएएलने, टाटाचा एमएटीने, महिंद्राचा एमए१ ने. हा नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. चॅसिस नंबर सगळ्या ईसीएममध्ये नसतो. जुन्यांत फक्त इमोबिलायझरचा कोड सापडतो.

त्यानंतर जुळ्या जागा. महत्त्वाची माहिती बहुतेक कंपन्या दोनदा, कधी तीनदा लिहितात. लिहिण्याच्या क्षणीच बॅटरीचा दाब कोसळला तर एक प्रत बिघडते, तेव्हा दुसरी कामाला येते. म्हणून तेच सहा-आठ बाइट पुढच्या ओळीत तसेच्या तसे दिसले की कारागिराला कळतं की इथे काहीतरी जपून ठेवलेलं आहे. प्रत्येक प्रतीच्या शेपटीला एक-दोन बाइटची बेरीज असते, आधीच्या बाइटांवरून काढलेली. मधला एक बाइट जरी कुणी बदलला आणि बेरीज तशीच ठेवली, तर ईसीएम ती प्रत खोटी ठरवून फेटाळतो. एका बाइटमध्ये अवस्था लिहिलेली : कोरा की शिकलेला. दुसऱ्यात नोंदवलेल्या चाव्यांची संख्या. इतरत्र चुकीच्या प्रयत्नांची मोजदाद.

या चाव्यांच्या बाइटमध्ये कधीकधी गंभीर गोष्ट सापडते. जुनी गाडी घेणाऱ्याला दोन चाव्या मिळाल्या आणि ईसीएम मात्र तीन चाव्या सांगतोय, तर तिसरी कुणाच्या खिशात आहे हा प्रश्न त्याला पडलाच पाहिजे. ती तिसरी चावी नोंदीतून काढून टाकता येते. हे साधं काम आहे आणि जुनी गाडी घेताना ते करून घ्यायचं सुचत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता माहिती न वाचताच गाडी सुरू करण्याच्या मार्गाविषयी, ज्याला बाजारात 'इमो ऑफ' म्हणतात. मूळ ईसीएममधून काही वाचता येत नाही, गिऱ्हाईक घाईत आहे, सीएसटी रोडवरून आणलेला ईसीएम समोर आहे. अशा वेळी काही दुकानं ईसीएमला होकार विचारणंच बंद करायला लावतात. गाडी लगेच सुरू होते. गिऱ्हाईक खूश होतं आणि दुकानदाराचा अर्धा दिवस वाचतो. पण त्या क्षणापासून ती गाडी पद्मिनी झालेली असते. दाते कापलेली कुठलीही साधी चावी तिला चालते. मालकाला हे बऱ्याचदा सांगितलं जात नाही, त्याच्या काचेवर चोरीविरोधी यंत्रणेचं स्टिकर तसंच असतं, आणि पुढे ती गाडी विकली गेली तर नव्या मालकाला तर काहीच कळत नाही. मोटार विम्याच्या दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रणेसाठी गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट ठेवलेली आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, पोलिसांना तपास लागला नाही तर न्यायालयाने मान्य केलेला 'ए समरी' हा अहवाल मागते. त्या चौकशीत इमोबिलायझर बंद केलेला निघाला, तर मालकाची बाजू कमकुवत होते. 'इमो ऑफ' करायची वेळ खरोखर येऊ शकते, पण ती मालकाला समजावून, बिलावर स्पष्ट लिहून, शेवटचा उपाय म्हणून यायला हवी.

बिनइमोबिलायझरच्या गाड्यांचं काय होतं हे अमेरिकेने अलीकडेच पाहिलं. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथल्या विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१५ सालच्या गाड्यांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांना इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्क्यांना. २०२१-२२ मध्ये पोरांनी या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरवले आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढावी लागली. काही शे बाइटची स्मृती आणि एक वेटोळं वाचवण्याची ही किंमत.

ईसीएममध्ये लिहिलेली ओळख पोलिसांच्याही कामाची आहे. चोरीच्या गाडीचा चॅसिस आणि इंजिन नंबर घासून दुसरा ठोकणं ही जुनी पद्धत, आणि घासलेल्या धातूवर आम्ल वापरून मूळ आकडे पुन्हा उठवणं ही न्यायसहायक विज्ञानाची तितकीच जुनी परीक्षा. सीएसटी रोडच्या पुढे कलिनातच राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पत्र्यावरचा नंबर बदलणाऱ्याला ईसीएममधला, एअरबॅगच्या पेटीतला, मीटरमधला नंबर बदलायचं सहसा भान नसतं. तिन्ही ठिकाणचे नंबर एकमेकांशी आणि आरसी बुकाशी जुळवले, की गाडी मूळ कुणाची याचा पुरावा तिच्या पोटातूनच मिळतो. सेकंडहँड ईसीएम विकत घेणाऱ्या दुकानदारानेही हे करावं. वाचनात चॅसिस नंबर सापडला तर ती गाडी खरोखर मोडीत निघाली आहे का, याची खातरजमा करायला तो पुरेसा असतो.

चावीतल्या चिपांचं गणितही अभेद्य राहिलेलं नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या चिपची किल्ली शोधून दाखवली. २०१२ मध्ये रोएल फेर्दुल्त, फ्लाव्हिओ गार्सिया आणि जोसेप बालाश यांनी हिटॅग२ ही चिप मोडली. त्यांच्या निबंधाच्या नावातच ३६० सेकंदांचा उल्लेख आहे. मेगामॉस चिपवरचा फेर्दुल्त आणि गार्सिया यांचा पुढचा निबंध फोक्सवॅगनने लंडनच्या उच्च न्यायालयात जाऊन २०१३ मध्ये थांबवला, तो २०१५ मध्ये छापून आला. यानंतर कंपन्यांनी गणित बळकट केलं आणि स्मृतीही लपवली. साधारण २०१० नंतरच्या अनेक ईसीएममध्ये आठ पायांची वेगळी चिप सापडत नाही. इमोबिलायझरची माहिती इन्फिनिऑनच्या ट्रायकोअरसारख्या प्रोसेसरच्या आतच असते आणि ती बाहेरून वाचता येऊ नये म्हणून पासवर्डने बंद केलेली असते.

चोरासाठी हे दार बंद झालं हे चांगलंच. पण त्याच दाराबाहेर मुलुंडचा प्रामाणिक कारागीरही उभा राहिला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, फियाट यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल. पुढे अपिलं झाली. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत. या सगळ्यात इमोबिलायझरची माहिती मात्र अवघड जागी आहे. ती सर्वांना खुली केली तर चोराला मिळते, आणि फक्त कंपनीकडे ठेवली तर गाडीचा मालक एका काउंटरचा बंदी होतो.

यावर वाट निघाली आहे, आणि ती मला पटते. अमेरिकेत कुलूप आणि चावीच्या कामाचे कारागीर आपली पार्श्वभूमी तपासून घेऊन एका नोंदवहीत दाखल होतात. त्यांना गाडीचा कोड मिळतो, पण प्रत्येक वेळी कोणत्या गाडीचा, कुणासाठी, हे नोंदवून. युरोपनेही २०२३ पासून सुरक्षेच्या माहितीसाठी अशीच प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. घाटकोपर स्टेशनबाहेर, बोरिवलीच्या बाजारात, अंधेरीच्या गल्लीत चिपवाली चावी बनवून देणारा माणूस आज ओळखपत्राशिवाय काम करतो आणि फार तर आधार कार्डाचा एक फोटो घेतो, नाहीतर तोही नाही. त्याला कायदेशीर नोंद, प्रशिक्षण आणि त्या बदल्यात कंपन्यांकडून अधिकृत माहिती मिळायला हवी. आरसी आणि मालकाची ओळख पाहिल्याशिवाय ईसीएम उघडायचा नाही, ही अट मग त्याच्यावर घालता येईल आणि तोही ती आनंदाने पाळेल, कारण त्याचं पोट तिच्यावर चालेल.

तोवर मालकाने स्वतः काही गोष्टी कराव्यात. दोन्ही चाव्या चालतात का हे आजच तपासावं. एकच उरली असेल तर ती हरवण्याआधी दुसरी करून घ्यावी, कारण एक चालू चावी हातात असताना दुसरी नोंदवणं बहुतेक गाड्यांत सोपं असतं, आणि एकही नसताना कधीकधी ईसीएमच उघडावा लागतो. कोड कार्ड किंवा चावीबरोबर आलेला धातूचा क्रमांकाचा बिल्ला गाडीत ठेवू नये. जुनी गाडी घेताना चाव्यांची नोंदलेली संख्या स्कॅनरवर बघून घ्यावी. ईसीएमचं काम करून घेतलं तर मूळ माहितीची नकल पेनड्राइव्हवर मागावी, ती मालकाची आहे. आणि पाणी सीटपर्यंत आलंच, तर गाडी सुरू करून बघू नये. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी आणि ईसीएम वाळवून, साफ करून होईपर्यंत ती पुन्हा जोडू नये.

(पुढील आठवड्यात : बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आणि चावीचा लांबवलेला आवाज)